जिवाणूंमधलं आरएनए-नियंत्रण: प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

मुंबईतल्या कॉलेजांमध्ये एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्टची धांदल सुरू झाली, की आरएनएवर काम करणाऱ्या मुलामुलींच्या तक्रारी ठरलेल्या असतात. जेलवर बँड दिसत नाही, क्यूपीसीआरचे (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे दर वेळी वेगळे येतात, किंवा सगळं सुरळीत होऊनही शेवटी ‘फरक आढळला नाही’ असं लिहावं लागतं. मग किट बदललं जातं, एन्झाइम नवं मागवलं जातं. यात बऱ्याचदा साप समजून भुई धोपटणं होतं. जिवाणूच्या पेशीत आरएनए किती झपाट्याने बनतो आणि मोडतो, हे ध्यानात न घेताच प्रयोग आखलेला असतो.

नमुना घेतानाच प्रयोग बिघडतो

ई. कोलाय या जिवाणूतल्या बहुतेक एमआरएनएचं (प्रथिन बनवण्याचा जनुकाचा संदेश नेणाऱ्या आरएनएचं) अर्धायुष्य, म्हणजे निम्मा मोडायला लागणारा वेळ, काही मिनिटांचाच असतो. ते पाच मिनिटं धरा. सेंट्रिफ्यूज रिकामा होईपर्यंत फ्लास्क वीस मिनिटं बेंचवर राहिला, तर सुरुवातीला असलेल्या एमआरएनएपैकी जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. दरम्यान शेकर थांबल्यामुळे प्राणवायू कमी पडलेला असतो आणि पेशीने त्या नव्या परिस्थितीला साजेसे आरएनए बनवायला घेतलेले असतात. म्हणजे तुम्ही मोजता ती बेंचवरची अवस्था. शेकरवरची अवस्था केव्हाच निघून गेलेली असते.

‘मग बर्फात ठेवू’ हा उपाय सर्रास केला जातो. कल्चर विलेपार्ल्याला वाढवलेलं, आरएनए काढायची सोय परळच्या लॅबमध्ये, म्हणून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून नळ्या लोकलने निघतात. पण थंडी हा जिवाणूसाठी एक संदेशच आहे. डीएसआरए हा ८७ न्यूक्लिओटाइडचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) छोटा, इतर जनुकांवर नियंत्रण ठेवणारा आरएनए कमी तापमानात जास्त बनतो आणि आरपीओएस या ताणाच्या काळातल्या सिग्मा घटकाचं (कोणती जनुकं वाचायची हे ठरवणाऱ्या प्रथिनाचं) उत्पादन वाढवतो. पेशी हळूहळू गार होत गेल्या, तर ज्या नियंत्रणाचा अभ्यास करायचा तेच वाटेत बदलतं.

यावरचा उपाय स्वस्त आहे. शेकरच्या शेजारीच, नमुना काढता काढता, त्यात इथेनॉलमध्ये ५ टक्के फिनॉल मिसळलेलं थंडगार द्रावण घाला. कल्चरच्या साधारण एक-अष्टमांश ते एक-पंचमांश इतकं ते पुरतं. त्यानंतर पेशी खाली बसवा, पेलेट उणे ८० अंशांवर गोठवा आणि न्यायचाच असेल तर ड्राय आइसमध्ये न्या. फिनॉलने कातडी भाजते, त्यामुळे ग्लोव्हज आणि फ्यूम हूड हवेतच. ग्लोव्हज आरएनएसाठीही लागतात. घामात आणि त्वचेवर आरएनेझ हे आरएनए मोडणारं एन्झाइम असतं, आणि मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये पिपेट धरलेल्या मनगटावरून घाम ओघळणारच. ग्लोव्हज वारंवार बदला.

कॉलममधून हवा तोच आरएनए निसटतो

आरएनए वेगळा करण्याच्या नेहमीच्या सिलिका कॉलमवर २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लहान आरएनए नीट धरला जात नाही. डीएसआरए ८७चा, आरवायएचबी हा दुसरा छोटा आरएनए साधारण ९०चा. दोन्ही धुण्यात जातात आणि नॉर्दर्न ब्लॉट (ठरावीक आरएनए शोधण्याची चाचणी) कोरा निघतो. गरम फिनॉलची जुनी पद्धत वापरा, नाहीतर लहान आरएनएसाठीच बनवलेलं किट घ्या.

सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) बनवताना ऑलिगो-डीटी हा पॉली-ए शेपटीला चिकटणारा प्रायमर (प्रत सुरू करून देणारा तुकडा) वापरणं ही दुसरी सवय. ती मानवी पेशींवरच्या कामातून आलेली असते. जिवाणूच्या एमआरएनएला तशी लांब, ओळीने ए बेस असलेली पॉली-ए शेपटी नसते. जिथे आखूड शेपटी लागते, तिथे ती बहुधा आरएनए मोडण्याच्या कामी येते. रँडम हेक्सामर (कुठेही जुळणारे सहा बेसचे प्रायमर) किंवा त्या जनुकाचाच प्रायमर घ्या. जिवाणूंच्या जनुकांत सहसा इंट्रॉन (एमआरएनएतून कापून टाकले जाणारे तुकडे) नसतात, त्यामुळे उरलेल्या डीएनएपासूनही हुबेहूब त्याच लांबीचा तुकडा तयार होतो. डीनेझने उरलेला डीएनए मोडणं आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोल ठेवणं, यांतलं काहीही वगळू नका.

‘काढून टाकलं तरी काही झालं नाही’

छोट्या आरएनएचं जनुक काढून टाकल्यावर निघणाऱ्या या निष्कर्षाबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ वाटते, कारण त्यापायी चांगलं काम अर्ध्यावर सोडून दिलं जातं. आरवायएचबीचं उदाहरण घ्या. लोह भरपूर असताना फर हे प्रथिन त्याचं जनुक दाबून ठेवतं. एलबी या वाढीच्या साध्या माध्यमात हा आरएनए जवळपास नसतोच, मग तो काढून टाकल्याचा परिणाम दिसणार कसा? माध्यमात डायपिरिडिल घालून लोह बांधून टाका, म्हणजे चित्र पालटतं.

लोह कमी झालं, की आरवायएचबी एसओडीबीसारख्या लोह वापरणाऱ्या प्रथिनांचे एमआरएनए संपवतो आणि लोह वाचवतो. फर एसओडीबीला चालना देतं असं आधी वाटायचं. २००२मध्ये उलगडा झाला, की फर आरवायएचबीला रोखतं आणि त्यामुळे एसओडीबी टिकतं. हाच आरवायएचबी शायए या जनुकाचं उत्पादन मात्र वाढवतो. म्हणून छोटे आरएनए फक्त बंद करतात, हे व्हायव्हात ठामपणे सांगू नका.

क्यूपीसीआरमध्ये फरक नाही म्हणजे नियंत्रण नाही, असंही नसतं. अनेक छोटे आरएनए एमआरएनएवरची रायबोसोम (प्रथिन बनवणारं यंत्र) बसण्याची जागा झाकतात. एमआरएनए तेवढाच राहतो, प्रथिन घटतं. प्रथिन मोजायला वेस्टर्न ब्लॉट किंवा ट्रान्सलेशनल फ्यूजन (लक्ष्य जनुकाला सहज मोजता येणारं प्रथिन जोडणं) करून पाहा.

रायबोस्विच मात्र वेगळ्या खात्यात ठेवा. तो एमआरएनएचाच भाग असतो आणि एखादा लहान रेणू थेट ओळखून जनुकाचं काम बदलतो. त्यासाठी वेगळ्या प्रथिनाची गरज नसते.

संगणकाच्या यादीवर थांबणं

मानवी पेशींतल्या सूक्ष्म-आरएनएचं (मायक्रोआरएनएचं) २२ न्यूक्लिओटाइडचं गणित इथे चालत नाही. जिवाणूंमधले छोटे आरएनए साधारण ५० ते ४०० न्यूक्लिओटाइडचे असतात. पुष्कळांना एचएफक्यू या सहा घटकांच्या कड्यासारख्या प्रथिनाची साथ लागते, आणि नेमकं जुळणारं टोक कधीकधी सहा-सात बेसचंच असतं. एवढ्या आखूड जुळणीमुळे सॉफ्टवेअर लक्ष्यांची भली मोठी यादी देतं. त्या यादीवरून निष्कर्ष काढणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. प्लास्मिडवरून (पेशीत घातलेल्या डीएनएच्या वर्तुळावरून) आरएनए भरमसाट बनवून परिणाम दाखवणंही पुरेसं नाही. एचएफक्यू त्यातच अडकतं आणि इतर आरएनएचं काम बिघडतं.

खरा पुरावा असा मिळतो: छोट्या आरएनएतले एक-दोन बेस बदला, नियंत्रण तुटायला हवं. मग लक्ष्य एमआरएनएत त्यांना जुळणारा बदल करा, ते परत यायला हवं. परत आलं नाही, तर परिणाम आडवळणाने घडत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी एचएफक्यू नसलेल्या स्ट्रेनमध्ये तोच प्रयोग करून पाहा.