गुडघ्यात आग, करंट, मुंग्या? या चुका टाळा

‘गुडघ्यातला गॅप कमी झालाय’ हे एकदा ऐकलं, की पुढची प्रत्येक कळ त्या गॅपच्या खात्यावर जमा होते. पहिली चूक तीच. गॅप कमी होतो तो हाडांच्या टोकांवरची गादी, म्हणजे कूर्चा झिजल्याने; पण मुळात कूर्चेत मज्जातंतू नसतातच. दुखतं ते हाड, सांध्याचं आवरण. आणि दुखणं वर्षानुवर्षं चाललं, तर निरोप नेणाऱ्या नसाच हळव्या होतात. म्हणून एक्स-रे बरा असूनही एखाद्याला जिना जमत नाही.

झिजेचा ठणका चालल्यावर, जिना उतरताना वाढतो आणि बसलं की निवतो. नसांचं दुखणं वेगळं: आग होते, करंट बसतो, मुंग्या येतात, रात्री गुडघ्यावर चादर टेकलेलीही सोसवत नाही. पुष्कळांना दोन्ही एकदम असतं.

डॉक्टरांसमोर मात्र आपण ‘फार दुखतं हो’ एवढंच सांगून मोकळे होतो. त्यापेक्षा दुखणं कसं आहे आणि कुठलं काम अडतं, ते सांगा. ‘संडासातून उठताना दाराची कडी धरावी लागते’ या एका वाक्यातून डॉक्टरांना बरंच कळतं. कंबरेतली दबलेली नस, मधुमेह, त्यावरच्या मेटफॉर्मिन गोळीमुळे कमी झालेलं बी-12 जीवनसत्त्व हेही तपासायला सांगा.

आग होते म्हणून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी वाढवत नेणं ही सगळ्यात महागाची चूक. आग तशीच राहते. पोट, मूत्रपिंडं आणि रक्तदाब यांना मात्र भुर्दंड. अशा वेळी डॉक्टर कधी ड्युलॉक्सेटिन देतात. ‘ही तर डिप्रेशनची गोळी!’ म्हणून ती घरात तशीच पडून राहते. हेच औषध वेदनेच्या मार्गांवरही काम करतं; सांधे-स्नायूंच्या जुनाट दुखण्यासाठी अमेरिकेत त्याला 2010 मध्ये मंजुरी मिळाली. गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने अचानक बंद करू नका. शेजाऱ्यांची प्रीगॅबलिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची गोळी, तर नकोच. चक्कर येऊन पडलात तर गुडघा राहील बाजूला.

बधिर जागेवर हॉट बॅग नको, चटका कळतच नाही.

चालणं बंद केलं की मांडीचे स्नायू सुटतात आणि गुडघ्यावरचा भार वाढतो. थोडं थोडं चाला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. अनेक जण नेमकी उलट धरतात.

पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.