पेठेतल्या जुन्या वाड्यात कलाकेंद्र सुरू करायचं असेल तर

पुण्यात पेठेत एखादा जुना वाडा अर्धा रिकामा पडलाय, मालकांना तो पाडायचा नाहीये पण सांभाळणंही झेपत नाहीये, आणि इकडे तुमच्या ग्रुपला तालमीला धड जागा मिळत नाही. असं असेल तर त्या वाड्याचं कलाकेंद्र करता येतं, नक्की येतं. फक्त वाड्यात नाट्यगृह बसवायला जाऊ नका. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून आहे, भरत नाट्य मंदिर आहे, विंगा पडदे खुर्च्या सगळं तिथे आहे. वाड्याकडे चौक आहे, ओसरी आहे, दिवाणखाना आहे, त्यात जे मावेल आणि शोभेल तेच करायचं. मला विचाराल तर अख्ख्या कामाचं गणित इथेच सुटतं, कारण मग भिंती पाडाव्या लागत नाहीत आणि खर्चही आवाक्यात राहतो.

आधी कागद. सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावरची सगळी नावं नीट वाचा, कारण कुणी काका परदेशात असतात, कुणा आत्याचं नाव अजून चढलेलंच नसतं, आणि एका वारसाची सही राहिली तरी पुढे सगळं अडतं. भाडेकरू असतील तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यामुळे आणि माणुसकी म्हणूनही, पहिला चहा त्यांच्याकडे घ्या. वाडा ट्रस्टचा असेल तर ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या लीजला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते (सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, कलम ३६). आणि ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दुरुस्तीत पैसे घालू नका प्लीज, निदान ८-१० वर्षांचं रजिस्टर्ड लीज मागा.

मग महापालिकेत जाऊन वाडा हेरिटेज यादीत आहे का, कुठल्या ग्रेडमध्ये आहे ते बघा, यादीत असेल तर बदल करायला हेरिटेज समितीची मंजुरी लागते. राहत्या जागेत सार्वजनिक कार्यक्रम करायचे तर वापर बदलाची परवानगी वेगळी, आणि मिळकतकरही बिगरनिवासी दराने येऊ शकतो, तो बजेटमध्ये धरा. शनिवारवाड्याच्या जवळ असाल तर अजून एक पायरी आहे: केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र.

कामाला हात लावायच्या आधी वाड्याची मोजणी करून ड्रॉइंग करून घ्या. आर्किटेक्चर कॉलेजची मुलं हे काम फार मनापासून करतात. प्रत्येक खण (दोन खांबांमधली जागा), प्रत्येक खांब, कुठली तुळई वाकलीय, कुठे वाळवी लागलीय, सगळ्याचे फोटो नंबर टाकून ठेवा. इंजिनिअर मात्र जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेलाच शोधा, आरसीसीवालेच (सळई-काँक्रीटचं काम करणारे) सगळीकडे भेटतात आणि त्यातले बरेच जण वाडा बघितल्या बघितल्या पाडा म्हणतात. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे चॅप्टरला विचारलंत तर माहितीतली माणसं कळतील.

पहिला पैसा छपरावर घाला, रंगावर नाही. वाडे पाण्याने पडतात. कौल सरकतं, पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत उतरतं, तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक आतून कुजतं आणि वरून काही दिसतच नाही. ते टोक टोकदार हत्याराने टोचून बघायचं, भुसभुशीत लागलं तर तेवढाच तुकडा काढून जुन्या सागाचा जोड देता येतो, अख्खी तुळई बदलावी लागत नाही. खांबाच्या बुडाशी तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड असतो, तो मोकळा ठेवा. लोक काय करतात, फरशी वर घेतात आणि खांबाचं बूड सिमेंटच्या कोब्यात गाडतात, मग तिथे ओल धरते आणि ४-५ पावसाळ्यांत खांब खालून जातो. भिंतींनाही सिमेंट प्लास्टर नको. जुनी वीट आणि मातीचुना ओल शोषतात आणि बाहेर सोडतात, सिमेंटने ती आतच कोंडते आणि वीट झडायला लागते. चुना वापरा, त्यात विटकरीचा चुरा. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी पद्धत जाणणारे कारागीर अजून आहेत. वेळ लागतो, लागू द्या.

आता कुठे काय करायचं. घरासाठीचा मजला साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने धरतात आणि गर्दी जमणाऱ्या हॉलचा ५०० किलोच्या, हे नव्या बांधकामाचे आकडे आहेत, म्हणजे शंभर-दीडशे वर्षांच्या कडीपाटावर (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या मजल्यावर) कथकचा क्लास घेऊ नये हे उघड आहे. नाच, नाटक, प्रेक्षक सगळं खाली. वर चित्रांचं प्रदर्शन, गाण्याची छोटी बैठक, लिहिणाऱ्यांचा गट, आणि एका वेळी किती माणसं वर जाणार ते इंजिनिअरकडून लिहून घ्या. पुस्तकांची कपाटं वर नेऊ नका, ती माणसांपेक्षा जड पडतात. चौकात भारतीय बैठक घाला, एका ओसरीवर कलाकार, बाकी तीन बाजूंना लोक, माईकसुद्धा लागत नाही. लाइट लावायला सुरूच्या झाडाच्या आकाराच्या कोरीव लाकडी खांबांना खिळे ठोकू नका, सुटी लोखंडी फ्रेम उभी करा. टॉयलेट मागे परसात, मूळ भिंतीपासून सुटं. जोत्याच्या पायऱ्यांना सुटा लाकडी रॅम्प हवाच, १ फूट उंचीला १२ फूट लांबीच्या उताराचा, चौकात एवढी लांबी नसेल तर वळण देऊन.

आगीबद्दल जरा कडक राहा, सगळं लाकूडच आहे. जुनं वायरिंग पूर्ण काढा, नवीन भिंतीवरून नेलेल्या पाइपातून घ्या, हॅलोजन आणि मेणबत्त्या बंद. कार्यक्रमाच्या वेळी नुसता दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार) उघडून चालणार नाही, मोठा दरवाजा पूर्ण उघडा पाहिजे आणि मागूनही वाट पाहिजे. अग्निशमन यंत्रणेची तपासणी लायसन्स असलेल्या एजन्सीकडून करून जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. नाटकाच्या प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, रात्री १० नंतर स्पीकर नाही. पार्किंग तर पेठेत नाहीच, पोस्टरवर मंडई किंवा कसबा पेठ मेट्रो स्टेशनपासून कसं यायचं ते लिहा.

पैशांसाठी संस्था रजिस्टर करा. ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती आणि कला-संस्कृती हे कंपनी कायदा २०१३ प्रमाणे सीएसआरमध्ये (कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चात) बसतं, पण कंपनीवाले ड्रॉइंग आणि अंदाजपत्रक मागतात, म्हणून मोजणी आधी करायला सांगितली. मुंबईचं भाऊ दाजी लाड म्युझियम महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक अशा तिघांनी मिळून दुरुस्त केलं आणि २००८ ला परत उघडलं, छोट्या वाड्यालाही अशी वाटणी जमू शकते. सगळे पैसे जमेपर्यंत मात्र थांबू नका. इंजिनिअरने सुरक्षित म्हटलेली एक ओसरी आणि चौक घेऊन सुरुवात करा, आसपासच्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग रविवारी सकाळी, गल्लीतल्या आजींची भजनं गुरुवारी. पेठेतल्या लोकांनाच आधी बोलवा, त्यांच्या दारातून तुमचे प्रेक्षक जाणार आहेत.

आणि दर मे महिन्यात शाकारणी. कौलं उतरवून फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या, वाळवीचा माग काढायचा. हा खर्च वर्षाच्या पहिल्या तिकिटापासून बाजूला काढत जा, मे उजाडल्यावर वर्गणी मागत फिरू नका.