टाटाच्या ६९७ इंजिनाचा कॅम बदलायचा म्हणताय? आधी एवढं बघून घ्या

तवंदी घाटात गाडी दोन नंबरला आली की लोकांच्या डोक्यात लगेच कॅम येतो, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा. मोबाईलवर परदेशातल्या पेट्रोल इंजिनाला मोठा कॅम टाकून आवाज काढणारे व्हिडिओ दिसतात, मग आपल्या सोळा-तेराच्या (टाटा १६१३ ट्रकच्या) मालकालाही वाटतं, आपणही टाकावा. माझं मत आधीच सांगतो: कॅम झिजला असेल तर कंपनीच्या मापाचाच नवा घाला, आणि झिजला नसेल तर त्याला हात लावू नका. तरी प्रत्येक गाडीची गोष्ट वेगळी, म्हणून ठरवण्याआधी काय काय तपासायचं ते लिहून ठेवतोय.

पहिलं काम वहीतलं. तक्रार नेमकी काय आहे ते लिहा. गोव्याहून परतताना चोर्ला घाटात गाडी मरते, की निपाणीहून संकेश्वरकडे येताना तवंदीला, की सपाट हायवेवरही ओढत नाही? किती माल होता, कुठल्या गिअरला होती, धूर काळा होता, पांढरा होता की नव्हताच? धूर काळा आणि ताकद नाही, तर हवा कमी पडतेय किंवा कुणीतरी पंपाचा स्क्रू वाढवून ठेवलाय. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच पोचत नाहीये. पूर्वी नीट चढणारी गाडी आता चढत नसेल तर तो दुरुस्तीचा विषय झाला, अपग्रेडचा नव्हे. निम्मे लोक इथेच गल्लत करतात.

मग स्वस्तातल्या गोष्टी. एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, टर्बो असेल तर त्याचे होज आणि क्लॅम्प, सायलेन्सर आतून बसलाय का, हे सगळं एका सकाळीत होतं. एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते: एकानं केबिनमध्ये पेडल तळाला दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं खाली पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते बघायचं. जुन्या गाडीत लिंकेजच्या पिना झिजून लिव्हर अर्ध्या बोटानं अलीकडेच थांबतो आणि मालक इंजिन खोलायच्या गोष्टी करत बसतो. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणली की चारी हबला हात लावून बघा. एखादा चटका देत असेल तर ब्रेक धरतोय. बेळगावच्या ऑटोनगरातला कुठलाही जुना मिस्त्री हेच म्हणेल, “मालक, कॅम काय करतोय तिथं? आधी नोझल तर बघूया की.” नोझल टेस्टिंगला द्या, पंप कॅलिब्रेशनला द्या, कॉम्प्रेशन मोजून घ्या. कॉम्प्रेशन पडलं असेल तर काम रिंगा-पिस्टनचं आहे, आणि त्या इंजिनात कुठलाही कॅम घातला तरी पैसे पाण्यात.

एवढं करूनही संशय राहिला तर कॅमची परीक्षा इंजिन न उतरवता होते. टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) सेट केल्यावर थोड्याच दिवसांत एकाच व्हॉल्व्हचा पुन्हा वाढत असेल, तिथून टकटक येत असेल, तर तिथला लोब (कॅमवरचा उंचवटा) किंवा टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) झिजतोय असं समजा. रॉकर कव्हर काढा, गॅप मॅन्युअलप्रमाणे करा, डायल गेजची टोकणी व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या वरच्या वाशरवर टेकवा आणि इंजिन हातानं सावकाश फिरवा. सुई जिथवर खाली जाऊन परत फिरते तो आकडा लिहा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, त्यामुळे घाई नको. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, बारा आकडे. इनलेटचे सहा एकमेकांशी ताडून बघा, एक्झॉस्टचे सहा वेगळे. सगळे जवळजवळ सारखे आणि मॅन्युअलशी जुळणारे निघाले तर कव्हर बंद करा, विषय संपला. एखादाच अर्धा मिलिमीटर कमी निघाला तर चोर सापडला. त्याच्या जोडीला ऑइल काढताना ते पांढऱ्या फडक्यावर गाळून घ्या, चमचम करणारी कणी दिसते का बघा. गरम इंजिनाला आयडलवर ऑइल प्रेशर किती राहतं तेही लिहा, कारण कॅमचे बुश ढिले झाले की ते पडतं.

आता मोठ्या कॅमचा हट्ट. ६९७ हे सहा सिलिंडरचं, ९७ मिलिमीटर बोअरचं (सिलिंडरच्या रुंदीचं) इंजिन. नावातच मापं आहेत. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १२८, एकूण ५६७५ सीसी, म्हणजे मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाचीच मापं. हे इंजिन खालच्या आरपीएमला ओढण्यासाठी केलेलं आहे. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम वरच्या आरपीएमला फायदा देतो, आणि डिझेलला तिथवर गव्हर्नर, म्हणजे पंपातला वेगाचा लगाम, जाऊच देत नाही. तोटा मात्र खालीच होतो: इनलेट उशिरा बंद झाला की दाबायला हवा कमी उरते, आणि डिसेंबर-जानेवारीत खानापूर-जांबोटीच्या थंडीत पहाटे स्टार्टर मारत बसावं लागतं. टर्बोच्या इंजिनात ओव्हरलॅप (इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकदम उघडे असण्याचा वेळ) वाढवला तर लोडवर एक्झॉस्टचा दाब उलटा आत येऊ शकतो. शिवाय डिझेलमध्ये पिस्टन वर आला की व्हॉल्व्हला जागा अगदी थोडी उरते. तरीही वेगळ्या मापाचा कॅम घालायचाच असेल तर हेड उतरवल्यावर पिस्टनवर मऊ प्लॅस्टिसिन लावा, हेड जुन्या गॅसकेटसकट परत बसवून टाइट करा, इंजिन हातानं दोन फेरे फिरवा, पुन्हा उतरवा, ब्लेडनं प्लॅस्टिसिन कापा आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरनं मोजा. ज्याला हे करायचा कंटाळा, त्यानं मोठ्या कॅमचं नाव काढू नये.

बेळगावच्या उद्यमबागेत ग्राइंडिंग करून देणारे मिळतात, म्हणून जुनाच कॅम घासून घ्यावा असंही डोक्यात येतं. घासताना वरचा कडक थर जातो. काम झाल्यावर लोबच्या कडेला कानस हलकेच ओढून बघा: कानस घसरली तर ठीक, धरली तर तो कॅम एका हंगामात जाईल. आणि लोबचा घेर कमी झाला की रॉकरचा स्क्रू तेवढा खाली यायला हवा, तेही आधीच बघा. माझ्या मते फरकाचे पैसे टाकून नवा घेतलेला बरा.

नवा घ्यायचा ठरला तर बाराही टॅपेट नवे, यात काटकसर नाही. जुना टॅपेट नव्या लोबला खातोच. बुश, टायमिंग गिअरची तपासणी, गॅसकेट सेट, ऑइल, फिल्टर, इंजिन उतरवायचा खर्च आणि गाडी उभी राहण्याचे दिवस हे सगळं एकाच कागदावर मांडा. शेवटचा आकडा लोक धरत नाहीत आणि तोच मोठा असतो. ऊसाची गाडी असेल तर कारखाना बंद झाल्यावर, आषाढ-श्रावणात काम काढा. गाळप चालू असताना इंजिन खोलणं म्हणजे तोडणी टोळी, ट्रॉली आणि उचल सगळ्यांचंच गणित विस्कटणं.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापापासून गाडीत परस्पर बदल करता येत नाही. जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराची दाटी मोजायचं एकक) आहे. पंप वाढवून, कॅम बदलून काळा धूर काढलात तर बेळगावची केए-२२ असो की कोल्हापूरची एमएच-०९, पासिंगला अडकणारच.

बसवताना लोब आणि टॅपेटच्या तोंडाला मॉलिब्डेनमचं असेंब्ली ग्रीस लावा, गिअरच्या खुणा जुळवून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि डिझेल बंद ठेवून आधी स्टार्टरवर ऑइल प्रेशर येऊ द्या. सुरू झालं की आयडलवर सोडू नका. वीसेक मिनिटं थोड्या वरच्या आरपीएमला फिरू द्या, म्हणजे लोबवर ऑइल उडत राहतं. पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल बदला, बाराही गॅप पुन्हा मोजा आणि आधीच्या वहीतल्या आकड्यांशेजारी लिहा.