अवजड उद्योगांच्या पट्ट्याची कार्बनमुक्ती : आराखडा कुठून सुरू करावा

पोलाद, सिमेंट, खते आणि तेलशुद्धीकरण असे कारखाने बंदराच्या किंवा खाणींच्या आधाराने एकाच पट्ट्यात वाढतात. त्यांपैकी प्रत्येकाने उत्सर्जनकपातीचा स्वतंत्र आराखडा केला, तरी त्या आराखड्यांची बेरीज म्हणजे पट्ट्याचा आराखडा होत नाही. एकाच उपकेंद्राच्या शिल्लक क्षमतेवर चौघांनी भिस्त ठेवलेली असते, पाण्याचा तोच साठा दोघांनी आपापल्या हिशेबात धरलेला असतो आणि पकडलेला कार्बन डायऑक्साइड साठवणीच्या जागी नेणारी वाहिनी दुसरे कोणीतरी टाकेल, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. पट्ट्याचे नियोजन म्हणजे मुख्यतः या सामायिक गोष्टींचे आणि त्यांच्या वेळापत्रकाचे नियोजन होय.

पहिले काम उत्सर्जनाच्या नोंदीचे. ही नोंद कंपनीवार न ठेवता उगमवार ठेवावी : इंधनाच्या ज्वलनातून किती, रासायनिक प्रक्रियेतून किती आणि विकत घेतलेल्या विजेमुळे किती. हा भेद कागदी नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की सुमारे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, मग भट्टीत कोळसा जाळा की हायड्रोजन. सिमेंट कारखान्याचे निम्म्याहून अधिक उत्सर्जन असे दगडातूनच येत असल्यामुळे तेथे केवळ इंधन बदलून भागत नाही. इंधनाच्या नोंदीसमोर उष्णतेचे तापमानही लिहावे. सुमारे १५० अंशांपर्यंतची वाफ किंवा गरम पाणी उष्मापंपाने (कमी तापमानाची उष्णता विजेच्या साहाय्याने वरच्या तापमानाला नेणाऱ्या यंत्राने) मिळू शकते, परंतु क्लिंकरच्या (दळून सिमेंट करण्याआधीच्या भाजलेल्या खड्यांच्या) भट्टीला लागणाऱ्या १,४५० अंशांचा प्रश्न वेगळा आहे आणि दोन्हींना ‘औद्योगिक उष्णता’ या एकाच सदरात टाकले की आराखडा पहिल्याच पानावर चुकतो.

यानंतर लगेच तंत्रज्ञानाच्या यादीकडे वळण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याआधी पट्ट्यातील प्रत्येक मोठ्या भट्टीची, बॉयलरची आणि नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढणाऱ्या रिफॉर्मरची पुढील मोठी दुरुस्ती किंवा बदली कोणत्या वर्षी येते, हे एका तक्त्यावर मांडावे. माझ्या मते संपूर्ण आराखड्यातील सर्वांत मोलाचा कागद हाच. ब्लास्ट फर्नेसचे, म्हणजे कोळशापासून केलेल्या कोकवर लोहखनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीचे, आतले अस्तर साधारण १५ ते २० वर्षे टिकते आणि ते बदलण्याचा खर्च एवढा मोठा असतो की एकदा अस्तर घातल्यावर ती भट्टी मुदतीआधी बंद करायला कोणताही मालक सहज तयार होत नाही. २०३० मध्ये अस्तर बदलले, तर कोळशावरचे पोलाद २०४५ च्या पुढेपर्यंत पक्के झाले असे समजावे. म्हणून त्या तारखेपासून उलटे मोजत यावे : पर्यायी भट्टी उभारायला किती वर्षे, तिच्यासाठी उच्चदाबाची पारेषण वाहिनी आणायला किती, परवानग्यांना किती आणि म्हणून गुंतवणुकीचा निर्णय कोणत्या वर्षी व्हायलाच हवा. बहुतेक ठिकाणी भट्टीपेक्षा वीजजोडणीलाच अधिक काळ लागतो, त्यामुळे जोडणीचा अर्ज सर्वांत आधी करावा लागतो. परवानग्यांचा अंदाजही सढळ ठेवावा. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम बंदरातील कार्बन डायऑक्साइड समुद्राखालच्या रिकाम्या वायूक्षेत्रांत साठवण्याचा पोर्थोस प्रकल्प बांधकामातून होणाऱ्या नायट्रोजन उत्सर्जनाच्या न्यायालयीन वादात अडकला होता आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये निकाल लागल्यावरच त्याचा अंतिम गुंतवणूक निर्णय होऊ शकला.

ही माहिती कंपन्या एकमेकींना देणार नाहीत, कारण त्या स्पर्धक असतात आणि स्पर्धाविषयक कायदेही आडवे येतात. त्यासाठी गोपनीयतेच्या कराराने बांधलेली एक त्रयस्थ यंत्रणा नेमावी. आकडे तिच्याकडे जावेत आणि बाहेर फक्त एकत्रित बेरीज यावी.

मग परस्परावलंबन तपासावे. डेन्मार्कमधील कालुनबोर्ग येथे वीजकेंद्र, तेलशुद्धीकरण आणि इतर कारखाने १९७० च्या दशकापासून वाफ, पाणी आणि उपपदार्थ एकमेकांना देत आले आहेत. असे व्यवहार जरूर वाढवावेत, मात्र ते कशावर उभे आहेत हे पाहावे. ब्लास्ट फर्नेसची मळी (स्लॅग, म्हणजे लोखंड काढताना वेगळा होणारा खनिज अवशेष) दळून सिमेंटमध्ये घातली की तेवढे क्लिंकर कमी लागते. उद्या ती भट्टी बंद होऊन भंगारावर चालणारी विद्युत भट्टी आली, तर तशी मळी मिळणार नाही आणि पोलादाचे उत्सर्जन घटताना शेजारच्या सिमेंटचे वाढेल. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची भुकटी यांचे मिश्रण हा त्यावरचा एक उपाय आहे, पण तो भट्टी बंद होण्याआधी सिद्ध व्हावा लागतो.

हायड्रोजनच्या बाबतीत आधी गणित करावे. हायड्रोजनने लोहखनिजाचे क्षपण करून (त्यातला ऑक्सिजन काढून) एक टन पोलाद करायचे, तर साधारण ५५ किलो हायड्रोजन लागतो आणि पाण्याच्या विद्युत विघटनाने एक किलो मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे वर्षाला १० लाख टन पोलादासाठी केवळ हायड्रोजनपोटी जवळजवळ ३०० कोटी युनिट, अर्थात वर्षभर अखंड सुमारे ३३० मेगावॉट. ही वीज कोळशाची असेल, तर सारा खटाटोप व्यर्थ आहे. म्हणून हायड्रोजन प्रथम त्या ठिकाणी द्यावा, जेथे आजही नैसर्गिक वायूपासून केलेला हायड्रोजन वापरला जातो, म्हणजे अमोनिया आणि तेलशुद्धीकरण. त्यानंतर पोलाद. बॉयलरमध्ये तो जाळणे सर्वांत शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

दगडातून येणाऱ्या उत्सर्जनासाठी मात्र कार्बन कॅप्चर, म्हणजे धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा करून पकडणे, टाळता येत नाही. नॉर्वेतील ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला ४ लाख टन, म्हणजे कारखान्याच्या उत्सर्जनापैकी सुमारे निम्मा भाग, पकडणारी यंत्रणा सुरू झाली. अमाइन नावाच्या रसायनांत वायू शोषून घेण्याच्या पद्धतीला पकडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे ३ ते ४ गिगाज्यूल उष्णता लागते, त्यामुळे ज्याच्याकडे वाया जाणारी उष्णता आहे त्याच्याकडे ती बसवणे किफायतशीर ठरते. सामायिक वाहिनीत वायू सोडण्याआधी ओलाव्याची आणि अशुद्धतेची मर्यादा सर्वांनी लेखी मान्य करावी, कारण पाणी राहिले तर कार्बोनिक आम्ल तयार होऊन पोलादी नळ गंजतो आणि एकाच्या चुकीची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. वाटेवरच्या वस्त्यांशी बोलणे मार्ग ठरण्याआधी व्हावे. २०२० मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात सॅटार्शिया गावाजवळ अशी वाहिनी फुटली, जड वायू जमिनीलगत पसरला आणि ४५ लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. हा प्रसंग लपवू नये. गळती ओळखणारी यंत्रणा आणि गाव रिकामे करण्याची योजना पुढ्यात ठेवूनच संमती मागावी.

कामगारांचा विषय आराखड्याच्या पुरवणीत टाकला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. वेल्समधील पोर्ट टॅलबटची शेवटची ब्लास्ट फर्नेस ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली, तेव्हा तिची जागा घेणारी विद्युत भट्टी उभी राहायला अजून काही वर्षे होती. जुने बंद होणे आणि नवे सुरू होणे यांतील ही दरी भट्ट्यांच्या त्याच तक्त्यावर दिसली पाहिजे. तिच्यासमोर कंत्राटी कामगारांसह किती जणांचे काम जाणार, कोणाला कोणते प्रशिक्षण मिळणार आणि मधल्या काळातले वेतन कोण देणार, हे आकड्यांत लिहावे.

पैशांच्या बाबतीत सर्वांत अवघड प्रश्न पहिल्या ग्राहकाचा असतो. वाहिनी दहा कारखान्यांच्या क्षमतेची टाकायची आणि सुरुवातीला दोघेच जोडले जाणार, तर रिकाम्या क्षमतेचा बोजा त्या दोघांवर घातल्यास कोणीच पुढे येणार नाही. तो बोजा ठरावीक वर्षे सरकारने उचलावा आणि नंतर येणाऱ्यांकडून वसूल करावा, अशी तरतूद आधीच करून घ्यावी. वाहिनी व कारखाने यांचे अंतिम निर्णय एकाच दिवशी, एकमेकांवर अवलंबून असलेल्या करारांनी व्हावेत, म्हणजे वायूविना वाहिनी किंवा वाहिनीविना वायू अशी वेळ येणार नाही. तक्ता दरवर्षी पुन्हा मांडावा. त्यातील एखादी निर्णयाची तारीख निर्णयाविना उलटली, तर पुढच्या अस्तरबदलापर्यंत किती टन उत्सर्जन पक्के झाले, तो आकडा त्याच वर्षी जाहीर करावा.