नवा पीसी क्रॅश होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

रविवारी सकाळी चहा हातात असतानाच फोन येतो. "दादा, नवीन पीसी बनवला, पण गेम चालू केला की रीस्टार्ट होतो. तीनदा फॉरमॅट मारून झाला." तीनदा! नळाला पाणी येत नाही म्हणून न्हाणीघराला तीनदा रंग दिल्यासारखं आहे हे. कालच टाकलेली विंडोज आज अशी वागत असेल, तर मी विंडोजकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी रॅम, मग वीज, मग तापमान.

रॅमपासून सुरू करतो, कारण या चुकीचा मला सर्वाधिक वैताग आहे. रॅमच्या पॅकिंगवर वेग ६००० लिहिलेला असतो, म्हणून पोरं पीसी पहिल्यांदा चालू झाला की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम त्या वेगाने पळवणारं सेटिंग) चालू करतात आणि त्याच दमात विंडोज टाकतात. डीडीआर५ रॅम मुळात ४८०० किंवा ५६०० च्या आसपासच्या साध्या वेगाने सुरू होते. पॅकिंगवरचे ६००० हे ओव्हरक्लॉकिंग आहे, म्हणजे साध्या वेगापेक्षा जास्त पळवणं. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि मदरबोर्ड यांनी साथ दिली तरच ते टिकतं. साथ नसेल तर विंडोज टाकताना फाइल्स रॅममधून जाता जाताच बिघडतात आणि तशाच डिस्कवर लिहिल्या जातात. मग तुम्ही एक्सएमपी बंद केलं तरी क्रॅश थांबत नाहीत. तुम्ही म्हणता, "म्हणजे रॅमचा दोष नाही," आणि ग्राफिक्स कार्ड बदलायला धावता.

माझी सवय अशी: बायोस अपडेट, रॅम साध्या वेगावर, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर. सकाळी एकही एरर नसेल तर विंडोज. दोन दिवस वापरायचं, मग एक्सएमपी, मग पुन्हा एक रात्र मेमटेस्ट. "एकच एरर आली हो" असं सांगणारे भेटतात. एकसुद्धा चालत नाही. दर वेळी ब्लू स्क्रीनवर वेगळाच कोड दिसत असेल, तर माझा पहिला संशय रॅमवरच असतो. अशा वेळी एकेक स्टिक वेगळी लावून तपासा. दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. शेजारी-शेजारी छान दिसतात म्हणून तशा लावू नका. चार स्टिकांचा मोहही आवरा, डीडीआर५ मध्ये चार लावल्या की वेग खाली आणावा लागतो.

आणि हो, एएम५ बोर्ड (एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरांचा) पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. तेवढ्यात तो रॅमची जुळवणी करत असतो. दर तीस सेकंदांनी बटण दाबून ती मोडू नका. बोर्ड 'मेला' म्हणून परत करायला निघालेला एक मुलगा मी दुकानाच्या पायरीवर अडवला आहे.

आता वीज. इथे एक किस्सा सांगतो, त्यात माझीही अब्रू जाते.

कोथरूडला राहणाऱ्या मित्राच्या भाच्याचा पीसी संध्याकाळी गेम खेळताना फटकन बंद व्हायचा. ब्लू स्क्रीन नाही, काही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१. ही नोंद वाचून लोक एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, फाशी देतात. तिचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का, ते ती सांगत नाही. मला हे माहीत होतं, तरी मी फोनवरून ऐटीत सांगितलं, "एसएमपीएस गेला तुझा."

पोराने दुसऱ्या कंपनीचा ७५० वॅटचा आणला. जुन्या केबली मात्र कॅबिनेटमध्ये तशाच ठेवल्या, कारण त्या मागून छान बांधलेल्या होत्या आणि नव्याच्या खाचेत बसतही होत्या. मॉड्युलर, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या, केबलीच्या एसएमपीएसकडच्या टोकाला सर्वांसाठी एक असं प्रमाण नाही. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. जुन्या कॉम्प्युटरमधून काढून लावलेली हार्ड डिस्क तिथेच संपली. तिच्यात त्याच्या ताईच्या लग्नाचे फोटो होते.

पीसी बंद पडायचा तो पडतच राहिला. मग मी संध्याकाळी जाऊन बसलो. सातच्या सुमारास सोसायटीची पाण्याची मोटर सुरू झाली, ट्यूबलाइट जरा मंदावली, टेबलाखाली यूपीएस 'टक' करून बॅटरीवर गेला, किंचाळला आणि सगळं अंधारात. ६०० व्हीएचा यूपीएस. वॅटमध्ये साधारण ३६०. त्याच्यावर २०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर, राउटर आणि स्पीकर. भिंतीतल्या सॉकेटला थेट जोडला तर पीसी दोन दिवस एकदाही पडला नाही. नवा मोठा यूपीएस आला, आणि मी फोनवरून निदान करणं सोडलं.

म्हणून एसएमपीएस बदलला तर केबली सगळ्या बदला, अगदी सगळ्या. ग्राफिक्स कार्डाला दोन खाचा असतील तर दोन वेगळ्या केबली द्या, एकाच केबलीची दोन टोकं नकोत. आठ पिनांची एक खाच १५० वॅटसाठी असते. नव्या कार्डांचा छोटा कनेक्टर पूर्ण आत बसलाय का ते टॉर्च लावून बघा. अर्धवट बसलेले वितळले आहेत. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला अर्थिंगची वायरच नसलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

बाकीच्या चुका पटापट. कूलरखालचं प्लास्टिक काढा, दरवर्षी एकाचं राहतंच. रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर ताण आल्यावर ९५ अंशांवर गेला तर घाबरू नका, त्याला तसंच बनवलंय; पण नुसत्या डेस्कटॉपवर ९० दिसत असेल तर कूलर पुन्हा बसवा. बोर्डाखाली नको त्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा खांब) शॉर्ट करतो. आपोआप रीस्टार्ट होत असेल तर कॅबिनेटच्या रीसेट बटणाची वायर काढून बघा, फुकटची चाचणी आहे.

इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा मोठा प्रोसेसर सेकंडहँड घेतला असेल तर थांबा. त्यातल्या काहींना जादा व्होल्टेजमुळे इजा होत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून प्रोसेसरला मिळणारी दुरुस्ती) आला, पुढे आणखी सुधारणा आल्या. बायोस अपडेट केल्यावर पुढची इजा टळते, झालेली भरून येत नाही. इंटेलने बॉक्समधून विकलेल्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, म्हणून मूळ बिल मागून घ्या.

काहीही करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. रॅम, ड्रायव्हर आणि बायोस एकाच दुपारी बदलून "आता चालतंय" म्हणणाऱ्याचा फोन मला महिन्याने पुन्हा येतो.

दुकानात जाताना मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि बिल घेऊन जा. मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवरसुद्धा मग फार वाद होत नाही. नुसतं "गेम अडकतो हो" म्हणालात, तर तो माणूस मान वर न करता सांगेल, "एकदा फॉरमॅट मारून बघा."