पान कुठे संपतं ते आधी शोधा: सारखी दिसणारी झाडं ओळखण्याची रीत

झाड ओळखायचं म्हटलं की हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात. एक, पानाचा फोटो काढून अ‍ॅपला विचारा. दोन, फूल येईपर्यंत थांबा. दोन्ही मला पटत नाहीत. अ‍ॅपला अर्धवट पान दाखवलं तर उत्तरही अर्धवटच येणार. आणि फुलाची वाट बघत बसलात तर सीता अशोक म्हणून आणलेला आसुपालव, म्हणजे खोटा अशोक, तोवर घराच्या गच्चीला टेकतो. आता काढवतही नाही आणि ठेववतही नाही.

फांदी निवडणं सोपं आहे. उन्हातली, हातभर लांब, जरा जून झालेली घ्या. कोवळा शेंडा नको. पान खुडून घरी आणू नका, झाडावरच बघा.

आता खरी मेख: एक पान म्हणजे कुठून कुठपर्यंत?

बहुतेक सगळे इथेच अडकतात, मीही बराच काळ अडकायचे. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘पान साधं’ किंवा ‘पान संयुक्त’. पण हातातल्या काडीवर ओळीने दहा पानं दिसतात, ती दहा पानं आहेत की दहा पर्णिकांचं, म्हणजे पानाच्या सुट्या तुकड्यांचं, मिळून एक पान, हे सांगायला कुणी बसत नाही. बेलाचं त्रिदळ आपण एक म्हणूनच वाहतो, तिथे गोंधळ नाही. तो पुढे सुरू होतो.

उत्तर डोळ्यात आहे, म्हणजे नवी फूट जिथून निघते त्या बारीक कोंबात. नाशकात द्राक्षबागेशी ज्याचा जरा संबंध आला, त्याला बगलफूट माहीत असते. देठ काडीला जिथे चिकटतो त्या बेचक्यातून ती निघते. तोच बेचका इथे बघायचा. खऱ्या पानाच्या बगलेत डोळा असतो, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो. तेव्हा टोकाकडून बोट खाली सरकवत या. बेचक्यात डोळा सापडला की पान तिथे संपलं. वर जे काही आहे ते सगळं मिळून एक पान.

आसुपालवाच्या फांदीवर लांब, कडेला लाटा असलेली पानं दोन्ही बाजूंना एकाआड एक लागतात. लांबून पाहिलं तर संयुक्त पानच वाटतं. पण प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा आहे, म्हणजे ती सुटी, साधी पानं. सीता अशोकात पर्णिका समोरासमोर जोडीने असतात आणि टोकालाही जोडीच असते, एकटी पर्णिका नसते. डोळा सापडतो तो थेट खाली, फांदीपाशी. नर्सरीवाला काहीही म्हणो, रोप हातात घेऊन एवढं बघायला अर्धा मिनिट लागतं. पंचवटीतल्या बंगल्यांसमोर ‘सीतेचा अशोक’ म्हणून कौतुकाने लावलेले आसुपालव पाहिले की वाटतं, हे अर्धं मिनिट कुणीतरी द्यायला हवं होतं.

कडुनिंब आणि बकाण यांचंही तसंच, आणि इथे चूक महागात पडते. पाडव्याला आपण कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर खातो. बकाणाची फळं विषारी असतात, त्याचा पाला तोंडात घालायचा नाही. कडुनिंबाच्या पानात एक मधली काडी आणि तिच्या दोन्ही अंगांना कातरलेल्या कडांच्या, कोयत्यासारख्या वळलेल्या पर्णिका. बकाणात त्या काडीला पुन्हा काड्या फुटतात आणि पर्णिका त्यांवर लागतात. त्या पोटकाड्यांच्या बगलेत डोळा शोधा, मिळणार नाही. म्हणजे तो अख्खा पसारा एकच पान आहे आणि झाड कडुनिंब नाही. शेतकरी लाकडासाठी लावतात तो मलबार निंबही याच घरातला, पानांचा पसारा तसाच.

या नियमाची एक गंमत आवळ्यात आहे. आवळ्याची ती पिसासारखी डहाळी कुणालाही संयुक्त पान वाटेल. पानगळीत ती पानासारखी आख्खी गळूनही पडते. तरी ती डहाळीच. बारक्या पानांच्या बगलेत फुलं येतात आणि पुढे आवळे धरतात. पर्णिकेच्या बगलेत फूल येत नाही. पावसाळ्यात कुंडीत आपोआप उगवणारी भुईआवळी अशीच ओळखायची: डहाळी उलटी करा, पानांखाली ओळीने मोहरीएवढी फळं दिसतील. शेजारी चिंचेचं रोप उगवलं असेल तर त्याच्या पानाखाली असं काही नसतं.

डोळा दिसत नसेल तर बहुधा तुम्ही फार कोवळ्या भागात शोधताय. चार-पाच पेरं खाली या.

पुढचं भरभर. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंद, जाड, खालून लवदार. कांचनाचं मोठं आणि पातळ. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावावर कांचनही विकतात, सोनं वाटण्याआधी बघून घ्या. कण्हेरीची पानं एका पेरावर तीन-तीन आणि आडव्या शिरा स्पष्ट. बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, एकेक आणि आडव्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. दोन्ही विषारी, दोन्हींना लहान मुलांपासून लांब ठेवा. अळूचा देठ पानाला खाचेपाशी नाही, थोडा आत, पाठीवर चिकटतो. मोठ्या शोभेच्या अळूत तो सहसा खाचेतच असतो आणि पान वर तोंड करून उभं राहतं. वडीसाठी शंका असलेलं पान घेऊच नका.

चीक बघायचा तर काडीने बघा, बोटाने नाही. शेराच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर थेट डॉक्टरकडे जावं लागतं.

गुळवेलीबद्दल मात्र मी हट्टी आहे. हृदयाच्या आकाराचं पान ही ओळख नव्हे. तसं पान निम्म्या वेलींना असतं. गुळवेलीचं खोड आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्या दिसतात, साल कागदासारखी सुटून खाली हिरवं दिसतं आणि जुन्या वेलीवरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. खोडावर मोठाले फोड असतील आणि चीक दुधाळ असेल तर ती तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयाने याच गल्लतीकडे बोट दाखवलं होतं. कारण काय हा वाद तज्ज्ञांचा. शेजारच्या कंपाउंडवरची वेल ओरबाडून काढा करून पिऊ नये, एवढं आपल्याला पुरे.

एवढं करूनही अडलात तर कुणा जाणकाराला फोटो पाठवा, पण नुसत्या पानाचा नको. एक फोटो डोळ्यासकट बेचक्याचा, एक पानाच्या पाठीचा, एक खोडाच्या सालीचा, आणि शेवटचा पूर्ण झाडाचा.