सीडी पुसण्याची योग्य पद्धत
सीडी अडखळू लागली की पुष्कळजण ती गोल गोल पुसतात, आणि नेमके तेच टाळायला हवे. सीडीवरील माहिती मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत साठवलेली असते आणि या रेषेच्या दोन वेढ्यांत जेमतेम १.६ मायक्रोमीटरचे अंतर असते. ड्राइव्हमधील लेसर १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटमधून चकचकीत थरावर पडतो आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारांतून माहिती वाचली जाते. या रेषेला आडव्या गेलेल्या ओरखड्याने हरवलेला माहितीचा छोटा तुकडा ड्राइव्ह दुरुस्ती-संकेतांच्या (चुका भरून काढण्यासाठी सोबत साठवलेल्या जादा माहितीच्या) आधारे भरून काढतो. गोल पुसताना पडणारा, रेषेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग बरीच माहिती झाकून टाकतो. म्हणून मऊ सुती कापड किंचित ओले करून मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. तेलकट ठशांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, थिनर किंवा ॲसिटोन कदापि नको. छापील बाजूला खरे तर अधिक जपावे, कारण तिथे चकचकीत थरावर पातळ लेप आणि शाई एवढेच काय ते संरक्षण असते. तो थर खरवडला गेला, तर कितीही पॉलिश करून उपयोग नाही. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने ही भीती कमी. स्वच्छ डिस्कही वाचली जात नसेल, तर ड्राइव्हच्या लेन्सवर धूळ बसली आहे का, ते पाहावे.